एका सेंटच्या भांडणापायी जबलपूर

जबलपूरला गेले ते संगमरवरी खडक पाहायला नाही, माफी मागायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे धबधब्याचं वर्णन त्रोटक वाटलं तर रागावू नका.

आमचा जुन्या अमेरिकी नाण्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. वीस-पंचवीस माणसं, बहुतेक विदर्भातली. उद्योग एकच: एक सेंटच्या तांबड्या नाण्यांचे भिंगातून फोटो काढायचे आणि त्यांवरून भांडायचं. या नाण्यावर सालाच्या खाली बारीक अक्षर असतं. डी असेल तर नाणं डेन्व्हरच्या टांकसाळीतलं. पूर्वी हे अक्षर प्रत्येक ठशावर कारागीर हाताने ठोकत. पहिला ठोका नीट बसला नाही की दुसरा मारायचा, आणि मग त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर एका डीच्या आडून दुसरा डी डोकावतो. असं नाणं हाती लागलं की आमची दिवाळी. मात्र नाणं पाडताना ठसा नुसता हलला तरीही अक्षर दुहेरी दिसतं, आणि त्या नाण्याला आमच्यात कुणी कुत्रं विचारत नाही.

जबलपूरच्या मनोहरकाकांनी असाच एक डी ग्रुपवर टाकला होता. काका तिथल्या एका संरक्षण कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे दुसऱ्याची चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. मी लिहिलं, “काका, ठसा हललाय. हौसेपोटी डीला डी चिकटवू नका.” धडाधड हसरे चेहरे आले. काकांनी एवढंच लिहिलं, “ठीक आहे मॅडम.” एरवी ते मला ताई म्हणत.

त्यानंतर तीन महिने त्यांचा एक शब्द नाही. मग कळलं, काका नाण्यांचा डबा भाच्याला देऊन टाकायच्या बेतात आहेत. माझ्या एका फटकळ वाक्याने एका माणसाची हौस मरणार होती. त्याच शनिवारचं तिकीट काढलं.

नागपूरहून सकाळी सहाची बस. तिकीट पाचशेच्या आसपास, वेळ सहा तास, चहाचा थांबा धरून. पेंचच्या जंगलातला उंचावरचा रस्ता आला की मोबाइल खाली ठेवा; जानेवारीत झाडांवर धुकं असतं आणि तो पट्टा फार सुंदर दिसतो. सिवनीनंतर लखनादौनला वळलं की रस्ता मोकळा. मी जबलपूरच्या सदर भागातल्या एका साध्या लॉजवर सामान टाकलं, कोपऱ्यावर खव्याची जलेबी खाल्ली (काळपट, जड, दोनच्या वर खाऊ नका, मी तीन खाल्ल्या) आणि ऑटोने काकांचं गोरखपूर गाठलं (ही जबलपूरचीच एक वस्ती, उत्तर प्रदेशातलं नव्हे).

काकांनी दार उघडलं. उंच, हडकुळे, स्वेटरची वरपर्यंत सगळी बटणं लावलेली.

“या मॅडम. भेडाघाट पाह्यलं का?”

“नाही, मी तुम्हालाच—”

“अरे, मग पहिले ते पाहून घ्या न! चलो, ऑटोवाला ओळखीचा आहे.”

पाहुणचाराने माणसाला घराबाहेर काढता येतं हे मला त्या दिवशी कळलं. पाऊण तासाने मी एकटीच धुआंधार धबधब्यासमोर उभी होते. नर्मदा खाली कोसळते आणि वर तुषारांचा धूर उठतो, तोंड भिजतं, बोललेलं ऐकू येत नाही. खडक पाहायला तिथल्याच पंचवटी घाटावरून होडी घ्या, इतरांबरोबर बसलात तर स्वस्त पडते. आमचा नावाडी प्रत्येक खडकावर यमक जुळवत होता आणि सगळी नाव हसत होती. मी मात्र माफीचं वाक्य जुळवत होते. पांढऱ्याशुभ्र खडकांमधून जातानाही डोक्यात तो डी!

संध्याकाळी परत गेले तर काका फिरायला गेलेले. काकू परातभर मटार सोलत बसल्या होत्या. जवळच्या पनागरचे, कोवळे, सोलतासोलता अर्धे तोंडात जाणारे. मीही बसले.

“रोज तो डबा काढून राहिले,” काकू हळूच म्हणाल्या, “पुसून राहिले, अन् तसाच ठेवून देऊन राहिले. उघडत नाहीत. काहून, ते मला नका विचारू. उद्या सकाळी या. सकाळी ते कुठंच जात नाहीत.”

रविवारी सकाळी आठला गेले. काका पेपर वाचत होते. नावेत रचलेलं सुबक वाक्य ऐनवेळी विसरलं.

“काका, मी चुकले. नाणं हातात न घेता निकाल दिला, आणि तोही चारचौघांत. मला माफ करा.”

“चारचौघांत नाही, पंचवीस जणांत,” काकू आतून म्हणाल्या.

काका उठून आत गेले. मला वाटलं, आता नर्मदेचा ग्वारीघाट पाहायला पाठवतात. पण ते परत आले ते हातोडी, अक्षर ठोकायचा पंच आणि लोखंडाचा एक ठोकळा घेऊन.

“नरम लोखंड आहे. ठोका. एकाच ठोक्यात बसवा.”

मी ठोकलं. पंच सटकला, अक्षर अर्धवट उमटलं.

“अच्छा. आता साहेब तपासायला येऊन राहिला. काय कराल?”

मी पंच जुन्या खाचेत नीट टेकवला, बोटांना जाणवेपर्यंत चाचपला आणि पुन्हा ठोकला. छान बसला. मग काकांनी भिंग दिलं. अक्षराच्या कडेला दुसरी कड स्पष्ट डोकावत होती.

“मला वाटलं, अगदी बरोबर बसला.”

“चौतीस वर्षं मलाही तसंच वाटत होतं,” काका पहिल्यांदा हसले. “मापं तपासायच्या गेजवर नंबर ठोकायचो न मी. मॅडम, ते नाणं पाह्यलं अन् मला वाटलं, तिकडं आपल्यासारखाच एक कोणी बसला आहे. साहेब येऊन राहिला, अन् हा घाईनं दुसरा ठोका मारून राहिला. मला लय जवळचा वाटला तो माणूस. अन् तुम्ही त्याला माझी हौस म्हटलं.”

माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवलेही नाहीत.

मग डबा उघडला गेला. त्यांचा मेहुणा अमेरिकेहून आला तेव्हा सुट्या सेंटांनी भरून आणलेला. काकांनी ते नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. खिडकीशी नेऊन फिरवलं तर डीच्या पोटात दुसऱ्या डीची गोल कड, चांगली उठावदार. ठसा हलल्यावर उरते तशी चपटी पायरी नव्हेच. माझ्या मोबाइलवर हे काही म्हणजे काहीच दिसलं नव्हतं. एवढ्यात काकांनी शेजारी आणखी एक नाणं ठेवलं. तेच साल, तीच कड, त्याच जागी. हललेला ठसा दोनदा अगदी सारखा हलत नाही. विषय संपला.

“दोन होती? मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलंच नाही न, ताई.”

एका मोजमापावर विसंबू नका म्हणून मी दरवर्षी सातवीच्या मुलांचं डोकं खाते. कान धरून उभं राहावंसं वाटलं.

काकूंनी मटारची कचोरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. निघताना मी डब्याचं विचारलं. काका म्हणाले, “भाच्याला शब्द देऊन बसलो आहे. पाहू.” त्या “पाहू”ने परतीचे सहा तास फार लांबवले.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी ग्रुपवर लिहिलं: मनोहरकाका बरोबर होते, मी चूक होते, दोन्ही नाणी हातात घेऊन पाहिली. सोबत मी लोखंडावर ठोकलेल्या दुहेरी अक्षराचा फोटो. सगळ्यांनी काकांना नमस्कार टाकले. काका गप्प. सोमवार गप्प, मंगळवार गप्प. धुकं, जलेबी, धबधबा यांतलं काहीच मनात राहिलं नव्हतं. राहिला होता एका माणसाचा ठोका ओळखणारा दुसरा माणूस, आणि आता त्याचं बोलणं कायमचं थांबलं की काय ही धाकधूक.

बुधवारी दुपारी, मधल्या सुट्टीत, ग्रुपवर काकांचा फोटो आला. नवं नाणं, नवा डी. खाली लिहिलं होतं, “बोला.”

मी खूप वेळ पाहिलं. खरं सांगायचं तर या वेळी मला ठसा हललेलाच वाटत होता. खोटं बोलले असते तर त्यांना लगेच कळलं असतं. भीत भीत तसंच लिहिलं, आणि शेवटी विचारलं, “काका, याचा जोडीदार आहे का डब्यात?”

मग उत्तर आलं.

“सात आहेत. कधी येऊन राहिल्या?”