क्लेमेंटने उचललेलं घर

वसईजवळच्या आमच्या गास गावात ट्रकच्या बॉड्या बांधणारा क्लेमेंट माझा शेजारी. त्याच्या आवारात काही नवं दिसलं की माझा पाय घरात ठरत नाही. लोक म्हणतात, लिडियाला फार चौकशा असतात. देवाने डोळे दिलेत ते काय मिटून बसायला?

चौऱ्याऐंशी साली त्याने चाकांवरचं घर बांधायला घेतलं, तेव्हा मी त्याला भंडावून सोडलं. घर त्याच्या बायकोसाठी होतं. जुलियाना विहिरीच्या काठावरून पडली, मणका गेला, तेव्हापासून तिला बसवत नव्हतं. त्या वर्षाअखेरीस जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शवदर्शन होतं. ते येतं दहा वर्षांनी. मागच्या खेपेला गाव जाऊन आलं आणि ही बिछान्यातच राहिली. "पुढच्या वेळेपर्यंत मी कुठली राहते," असं तिने मला सरळ सांगितलं होतं. म्हणून तिला आडवीच न्यायची, असं क्लेमेंटने ठरवलं.

पुढे आळीतल्या व्हिन्सेंटचा केळी नेणारा ट्रक आणि मागे जोडलेलं घर. घराची मान, म्हणजे पुढे काढलेली खोली, ट्रकच्या उघड्या हौद्यावर आलेली. त्या मानेतच तिचा बिछाना, कारण घराच्या चाकांचे दणके तिथे कमी पोचतात. हे सगळं मी विचारून विचारून काढलं.

पहिल्याच फेरीत ट्रक खड्ड्यात उसळला आणि हौद्याच्या कडा मानेला खालून थडकल्या. बिछान्यावर मी होते, दुसरं कोण झोपणार? माझे दात वाजले. कडा कापाव्यात, तर ट्रक दुसऱ्याचा. मग घरच वर उचलायचं.

"म्हणजे रे कसं?" मी विचारलं. क्लेमेंटने मला वाकून दाखवलं. चाकांचा दांडा घराखालच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर बसवला होता, तो काढून त्याने पाट्यांच्या खाली घेतला. झालं. घर वीतभर वर आलं. एवढं सोपं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

आता आमच्याकडे नवी गाडी फिरवून बघायची म्हणजे एकट्याने करायचं काम नव्हे. दुसऱ्या फेरीला पलीकडच्या घरातल्या एमिलीपासून तिच्या सुनांपर्यंत अख्खी आळी हौद्यात चढली. लग्नाला निघाल्यासारखे आम्ही जवळच्या निर्मळ गावाला जाऊन आलो. कुठे काही लागलं नाही. क्लेमेंट खूश.

निघायच्या दिवशी क्रुसासमोर प्रार्थना झाली, निरोप झाले, ट्रक सुटला. रस्त्यातल्या मोरीच्या उंचवट्यावर चढला आणि धाडकन आवाज आला. जुलियाना कळवळली. आम्ही धावलो. कडा पुन्हा लागल्या होत्या.

"मग त्या दिवशी का नाही लागल्या?" मी म्हटलं.

क्लेमेंट ट्रककडे बघत राहिला आणि त्याने कपाळाला हात लावला. त्या दिवशी हौद्यात आम्ही सगळे होतो, आमच्या भाराने ट्रक दबला होता. आज तो रिकामा, म्हणून उंच.

व्हिन्सेंट म्हणाला, रेतीच्या गोण्या टाकू. कुणी फावडं आणायला निघालं. तेवढ्यात मानेच्या खिडकीतून जुलियानाचा आवाज आला.

"रेती कशाला? माणसं घ्या की."

"अगं, गोवा म्हणजे काय निर्मळ आहे?" क्लेमेंट म्हणाला.

"ठाऊक आहे मला. इतकी वर्षं छताकडे बघत पडलेय. आता वाटेत रेतीशी बोलू?"

मला रडूच आलं. मग एमिली घरी गेली, चादर घेऊन आली आणि मुकाट्याने हौद्यात चढली. मागून तिच्या सुना चढल्या. मी चुलीवरची आमटी उतरवली, सासूबाईंना सांगितलं आणि अंगावरच्या लुगड्यानिशी चढले. हौदा भरला तसा ट्रक खाली बसला. कडा आणि मान यांच्यामधल्या फटीत क्लेमेंटने आडवी मूठ घालून पाहिली आणि व्हिन्सेंटला हात केला.

चिंचोटीपुढे हायवे लागला. झोपलेल्या माणसाला खिडकीतून नुसतं आभाळ दिसतं.

"लिडियाबाय, आता काय आलं गं?" जुलियाना विचारायची.

मी सांगायचे. गोव्यापर्यंत सांगत गेले.