बिल्ला खांबामागे सुरक्षित होता

सुधीरकाका गेल्याचा मावशीचा फोन आला, तेव्हा मी ब्राउनश्वाइगच्या चौकात पत्रकं वाटत होते. अणुवीज केंद्रांविरुद्धचीच. गठ्ठा मैत्रिणीच्या हातात कोंबला आणि हॅनोव्हरची गाडी पकडली.

काका म्हणजे मावशीचे यजमान. पुण्याचे मेकॅनिकल इंजिनिअर, इथे कंत्राटदाराकडे नोकरीला. केंद्र दुरुस्तीसाठी बंद झालं की हे आत शिरणार, व्हॉल्व्ह उघडणार, मग पुढचं केंद्र. फुकुशिमानंतर जर्मनीने केंद्रं बंद करायची ठरवली, आम्ही टाळ्या वाजवल्या. पण बंद केंद्र तोडायलाही आत माणूसच लागतो ना! त्या आतल्या भागाला 'कोंट्रोलबराईश' म्हणतात. किरणोत्सर्गापासून माणसं वाचावीत म्हणून आखलेला. रेघेपाशी अंगावरचं सगळं उतरवायचं, तिथलेच कपडे चढवायचे, छातीला किरणं मोजणारा बिल्ला लावायचा. "आमच्या आजीचं सोवळं यापुढे काहीच नाही गं," काका हसायचे. मी म्हणायचे, सोवळं देवासाठी असतं काका, स्वयंपाकिणीसाठी नाही...

बिल्ल्याची मर्यादा भरली की त्या वर्षापुरतं आतलं काम बंद. कायम नोकरीवाल्याला बाहेर खुर्ची मिळते, कंत्राटी माणसाला घरचा रस्ता. म्हणून आत गेल्यावर बिल्ला काढून पाइपांपासून लांब, काँक्रीटच्या खांबामागे अडकवायचा. ही तिथली रीतच. मुकादम नेमका तेव्हा पाठ फिरवायचा.

रक्ताचा कॅन्सर निघाला, तेव्हा मी म्हटलं, "काका, आमच्या सभेत हे सगळं सांगा."

"पुढारीबाई, बिल्ला माझ्याच हातांनी अडकवला ना मी?"

"अहो, एकदा बोला तरी," मावशी कळवळून म्हणाली.

"आल्झो, म्हणजे बरोबरच्यांचीही कामं घालवू?" म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

ते गेल्यावर मावशीने कामगार विम्याच्या कचेरीकडे एवढंच मागितलं, की हा आजार कामामुळे झाला असं मान्य करा. उत्तर आलं: बिल्ल्याच्या नोंदींप्रमाणे त्यांच्या अंगावर धोक्याइतकं काही आलेलंच नाही. गेनाऊ! अगदी बरोबर. बिल्ल्याला कॅन्सर झालाच नव्हता.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले, तर मावशी काकांचे शर्ट कुणाला तरी द्यायचे म्हणून धुवायला काढत होती. स्वतःचे कपडे तिने बाजूला ठेवले होते.

"एकत्रच टाक की."

"नाही गं. त्यांचे वेगळेच धुते मी. पहिल्यापासून."

"पण घरचे कपडे तर आत जातच नव्हते! काका काही म्हणायचे नाहीत?"

मावशीने मशीनचं झाकण लावलं.

"वेगळी टोपली त्यांनीच आणली होती."