वैशाखऱ्याचे पाहुणे आणि माझा डावा कान

आमच्या गावात कुणाची कळशी विहिरीत पडली की आधी गळ टाकत. दोराला बांधलेले लोखंडी आकडे तळाशी फिरवायचे आणि भांड्याचा काठ अडकेल याची वाट बघायची. गळाने हात टेकले की बाया आमच्या अंगणात येत आणि बाहेरूनच विचारत, "हाय का घरात बुडी मारणारा?" मी सदरा काढायला लागे.

हे काम आमच्याकडे वडिलांपासून चालत आलेलं. शहापूर तालुक्यात शेणव्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाला एक खोल बांधीव विहीर. तिथेच बाबांनी मला पोहायला शिकवलं. खोल गेलं की कानात दडा बसतो, तो नाक चिमटीत धरून अगदी हलकी फुंकर मारून सोडवायचा, हेही त्यांनीच दाखवलं. पण वर आल्यावर कानांचं काय करायचं हे त्यांना स्वतःलाच कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांचा डावा कान तरुणपणीच गेला होता. त्यामुळे त्यांच्याशी बोलायला येणारा माणूस न सांगता उजव्या हाताला बसायचा. आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटत नसे. आपले बाबा उजवीकडून ऐकतात, एवढंच.

माझाही डावाच कान दर उन्हाळ्यात फुटायचा. वैशाखात विहिरीचं पाणी खाली जाई, हिरवट होई, आणि नेमकी तेव्हाच भांडी जास्त पडत. चार बुड्या झाल्या की कानाला खाज सुटे. मग मी केरसुणीची काडी घेऊन बसे. खाजवताना इतकं बरं वाटे की डोळे मिटत. दोन दिवसांनी ठणका लागे, आठवड्याने कान वाहू लागे. आई लसूण घालून तेल कढवायची, कोमट करून कानात ओतायची आणि वर कापसाचा बोळा. कान बरा होई, आणि पुढची कळशी पडे.

मी आमच्या घरातला पहिला शिकलेला. शहापूरला शिकलो, पुढे ठाण्याला खोली घेऊन बी. ए. झालो आणि शहापूरच्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो. बाबांना सही येत नव्हती, पण माझ्या पदवीचा कागद त्यांनी काचेत बसवून देवाशेजारी लावला होता. एवढं झाल्यावर घरात माझ्या लग्नाचं निघालं, आणि तिथे कान आडवा आला.

पहिलं स्थळ आलं ते ऐन उन्हाळ्यात. कानात बोळा, अंगाला लसणाचा वास. पाहुणे डाव्या बाजूने बोलले की मी मान वळवून उजवा कान पुढे करायचो. शेजारी बाबा बसलेले, तेही तसेच. पाहुण्यांनी आम्हा दोघांकडे बघितलं, चहा घेतला आणि गेले. नंतर निरोप आला की मुलगा बापासारखाच बहिरा आहे, आणि हे रक्तातलंच दिसतं.

मला त्या स्थळाचं वाईट वाटलं नाही. पण पुढच्याच माघात मुरबाडला आमच्या शाळेतल्या एका मास्तरांचं लग्न होतं. तिथे पंगतीत एक मुलगी भात वाढत होती. एक म्हातारेबुवा तिला म्हणाले, "पुरे गो बाय, पोट हाय का भाताची कणगी?" ती म्हणाली, "कणगीला तोंड तरी लहान असतंय, बाबा," आणि आणखी एक मूद वाढून पुढे गेली. सगळी पंगत हसली. मी तर जेवायचाच थांबलो. मुरबाडजवळच्या वैशाखरे गावची मुलगी, सातवी पास, त्या मास्तरांच्या बायकोच्या नात्यातली, एवढी माहिती मी त्याच दिवशी काढली. मास्तरांच्या बायकोनेच शब्द टाकला. उत्तर आलं, "सुट्टीत घर बघायला येतो." त्याबरोबर त्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलीच्या मामांच्या कानावर तुमच्या कानाचं गेलंय हो. ते परीक्षा घेतल्याशिवाय राहायचे नाहीत."

मला तीच मुलगी हवी होती. आणि सुट्टी म्हणजे वैशाख.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी शहापूरच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर वयस्कर, सावकाश बोलणारे. कपाळावरचा गोल आरसा डोळ्यावर ओढून त्यांनी दोन्ही कान तपासले.

"पडदा शाबूत आहे, मास्तर. नशीब म्हणा. कानात काय काय घालता?"

मी सगळं सांगितलं. काडी, तेल, लसूण, कापूस. कधी कोंबडीचं पीससुद्धा.

"पीस घालता," डॉक्टर म्हणाले, "मग कोंबडीच का ठेवली बाहेर?"

मग त्यांनी मला समजावलं, ते मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं आहे. म्हणाले, "तुमच्या घराच्या भिंतीला सारवण असतं ना, तसा कानातला मळ. तो घाण नव्हे. तुम्ही काडीने तो खरवडता, भिंत उघडी पडते. त्यात विहिरीचं पाणी मुरतं, वरून तेल आणि बोळा घालून तुम्ही दार बंद करता. आत ओल, अंधार आणि ऊब. कुजणार नाही तर काय? बुडी मारल्याने कान फुटत नाही, पाणी आत राहिल्याने फुटतो."

मला बुडी बंद करायला सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी तसं सांगितलं नाही. सर्दी असेल तेव्हा आणि कान दुखत असेल तेव्हा पाण्यात उतरायचं नाही. एरवी वर आलं की डोकं कलतं करायचं, कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, पाणी आपोआप उतरू द्यायचं. बाहेरून फडक्याने टिपायचं. मग बोरिक-स्पिरिटचे थेंब, तेही पडदा शाबूत आहे म्हणून. आणि कानात काहीही, अगदी काहीही खुपसायचं नाही.

"आम्ही लहानपणी तापलेला दगड कानाला लावून लंगडी घालायचो," मी भीत भीत म्हणालो.

"चालेल की. फक्त पोळू देऊ नका. दगड कानात तर जात नाही ना?"

औषधाची बाटली घेऊन मी घरी आलो. खरी लढाई घरात होती. आईला कळेना की तेलाने कुणाचं वाईट कसं होईल.

"जन्मल्यापास्नं घालतंय मी तेल. डाक्टर आला तेवा तू दोन वीतांचा व्हतास."

"आई, महिनाभर थांब."

"म्हंजे महिनाभर मी तुजी कोन नाय?"

बाबा उजवा कान आमच्याकडे करून ऐकत होते. म्हणाले, "अगो, माज्या कानात घाल. तो ग्येलेलाच हाय, त्याला काय व्हनार?" आई रागावली, पण हसलीही. त्या दिवसापासून ती माझ्या डोक्यावर तेल थापू लागली. कपाळावरून ओघळे, पण कान सुटले.

चैत्रात दोन कळश्या आणि एक तांब्या पडला. प्रत्येक वेळी मी सगळं यथासांग केलं. थेंब टाकले की कानात झोंबे. पहिले काही दिवस खाज सुटली तेव्हा मी हात मांडीखाली दाबून बसलो. हळूहळू खाज गेली. अक्षय्यतृतीया उलटली तरी कान कोरडा होता. आई रोज पहाटे कानाशी वाकून वास घ्यायची आणि चुलीकडे जायची.

पाहुणे मुरबाडला एसटी बदलून आले. मुलीचे वडील, ते मामा आणि एक आत्याबाई. मामा उंच, करड्या मिशांचे. आल्यापासून माझ्या कानांकडेच बघत होते. आईने शेजारणीकडून तांब्याची मोठी घागर मागून आणली होती, घासून लख्ख केलेली. आत्याबाईंना स्वस्थ बसवेना. "मी काय पाव्हनी नाय," म्हणत त्या आईबरोबर विहिरीवर गेल्या आणि त्यांनीच पाणी शेंदायला घेतलं. घागर वर आली, काठाशी आली, आणि गाठ सुटली.

तो आवाज आम्हाला अंगणात ऐकू आला. आम्ही सगळे विहिरीवर गेलो. आत्याबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"माज्या हातनं झालं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरात येऊन भरली घागर बुडवली."

मामा मुलीच्या वडिलांना म्हणाले, "ज्या कामाला आलो त्याच दिवशी. हा काय शकुन म्हनायचा?"

गळ आणायचा तर पाटलांच्या वाड्यावर जावं लागणार होतं. बाबा मुंडासं सोडायला लागले, स्वतः उतरायच्या बेताने. मी त्यांचा हात धरला. आई माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "आज नको रे बाला. आजच कान फुटला तर?" मी म्हणालो, "फुटणार नाही." नवीन सदरा काढून तिच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरून सूर मारला.

तळाशी गार अंधार. दड्याला हलकी फुंकर दिली, चिखलात हात फिरवला आणि दुसऱ्याच बुडीला घागरीचा गळा हाताला लागला. वर आलो तेव्हा आत्याबाई काठावर गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांनी घागर माझ्या हातून घेतली ती पोटाशीच धरली.

आता पाहुण्यांसमोर नेटकं उभं राहायचं, धोतर पिळायचं, बोलायचं. पण मला डॉक्टर आठवले. आज चुकारपणा केला तर लग्नापर्यंत कान वाहणार. मी लाज बाजूला ठेवली. विहिरीच्या कडेला उन्हात तापलेला एक चपटा दगड होता. तो फडक्यात धरून आधी डाव्या कानाला लावला, मान कलती केली, पाळी ओढली आणि एका पायावर उड्या मारू लागलो. डाव्या कानातून कोमट पाणी गालावर आलं. मग दगड उजव्या कानाला लावला आणि पाय बदलला.

आईने डोळे मिटून घेतले.

माझ्या पाठीमागे, चांगलं दहा हात लांब, मामा मुलीच्या वडिलांच्या कानाशी लागून म्हणाले, "बहिरा असता तं चाललं असतं. ह्यो तं येडा दिसतोय."

मी उडी न थांबवता म्हणालो, "वेडा नाही हो मामा, कानातलं पाणी काढतोय."

मामा गोल फिरून माझ्यासमोर आले. उजव्या कानावर दगड होता. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग उघड्या डाव्या कानाकडे. "ह्यातनं ऐकलंस?" त्यांनी विचारलं, तेही पुटपुटल्यासारखं.

"ह्यातूनच."

सगळ्यात आधी मुलीचे वडील हसले. मग आत्याबाई. घागर पोटाशी धरून त्या म्हणाल्या, "झाली तुमची परीक्षा? पोर आमची लई बडबडी हाय. तिला ऐकनारा पायजे व्हता, तो गावला." बाबांना शेवटचं ऐकू आलं नव्हतं. ते उजवा कान पुढे करून विचारत होते, "काय म्हनाल्या? काय म्हनाल्या?" मामांनीच त्यांच्या उजव्या हाताला जाऊन मोठ्यांदा सांगितलं, "सुपारी फोडा म्हनाल्या."

घराकडे जाताना मामा माझ्याबरोबर चालत होते. त्यांनी दगडाचं सगळं खोदून खोदून विचारलं. काळू नदीवर पोहणाऱ्या त्यांच्या पोरांचेही कान दर वर्षी फुटायचे, आणि तेही तेलच घालत. मी त्यांना सारवणाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "हां, सारवन. असं सांगा ना."

दोन दिवसांनी मी दवाखान्यात पेढे घेऊन गेलो. डॉक्टरांनी पेढा टेबलावर ठेवला, आरसा डोळ्यावर ओढला आणि आधी डावा, मग उजवा कान नीट पाहिला. मगच पेढा तोंडात टाकला.

"सासुरवाडीला विहीर आहे?" त्यांनी विचारलं.

"विहीर आहे, आणि नदी जवळ आहे."

त्यांनी कंपाउंडरला हाक मारली आणि बोटाने खूण केली, मोठी बाटली भर.