जबाबातली ‘अडचण’

मे महिना, मंगळवार, सकाळची हजेरी नुकतीच संपलेली. ठाण्यात हजर: प्रभारी अधिकारी म्हणून मी, ठाणे अंमलदार, एक जुने हवालदार, एक महिला शिपाई आणि जीपचा चालक. बाकीचा स्टाफ बंदोबस्तावर गेलेला. नोकरीतले पुष्कळ गुन्हे आता डोक्यातून पुसले गेले आहेत. त्या सकाळपासून पुढे घडलं ते मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं.

शहरातल्या सरकारी दवाखान्याच्या चौकीतून निरोप आला. आमच्या हद्दीतल्या एका बाजारगावातला म्हातारा पहाटे दगावला होता. आदल्या दिवशी उलट्या, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या आकसलेल्या. डॉक्टरांनी विषबाधेचा संशय लिहिला आणि प्रयोगशाळेच्या तपासणीसाठी व्हिसेरा राखून ठेवला. म्हाताऱ्याची बायकोही तिथंच दाखल होती, पण शुद्धीवर. अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि आम्ही गावाकडे निघालो.

कन्नडला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. तेही पिवळट आणि वासाचं. आलं की ज्याला जे सापडेल त्यात तो भरून ठेवणार: हंडे, टिपाडं, सिमेंटच्या टाक्या, निळे प्लास्टिकचे ड्रम. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा चौकात गर्दी होती आणि तिने निकाल देऊन टाकला होता. ‘ग्रामपंचायतीवर गुन्हा दाखल करा, नळाच्या पाण्यानं माणूस मेला.’

सरपंच शांतपणे म्हणाले, “साहेब, आख्खं गाव तेच पाणी पितं. मग एकच घर कसं आजारी पडलं?”

बोलणं कोरडं होतं, पण मुद्दा बरोबर होता. शेजारपाजारची घरं हिंडून पाहिली. सगळी धडधाकट. म्हणजे जे काही होतं ते नळात नव्हतं, घरात होतं. तरी टाकीच्या पाण्याचा नमुना घेतला. नंतर कोर्टात विचारतात.

घर साधं. पूर्वी मेंढरं होती, आता मोजक्या शेळ्या आणि थोडं कोरडवाहू रान. शेळ्या म्हातारा राखायचा. एकुलता एक मुलगा शेंद्र्याला कंपनीत कंत्राटी कामगार, तिथंच मित्राबरोबर खोली करून राहणारा, सुट्टीला गावी येणारा. घरी सासू, सासरा आणि सून. दाराशेजारी एक निळा ड्रम, निम्मा भरलेला, बाहेरून नव्यासारखा घासलेला. पंचांसमक्ष पाण्याचा नमुना घेतला, ड्रम सील करून ताब्यात घेतला.

दुपारी ठाण्याच्या फोनवर एका पुरुषाचा आवाज. “नळाचं काय बघता? सुनेचं बघा. सासऱ्याशी तिचं जमत नव्हतं. दोघं आडवे झाले अन् ती एकटी धड कशी राहिली, इचारा तिला.” नाव विचारताच फोन बंद. ठाणे अंमलदाराने नंबर टिपून ठेवला होता.

प्रश्न रास्त होता. खबर देणाऱ्याचा हेतू वाईट असला तरी प्रश्न रास्त असू शकतो.

महिलेला ठाण्यात बोलवायचं नाही, जबाब तिच्या घरी आणि महिला पोलिसासमोर घ्यायचा, हा नियम. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी गेलो. सासू दवाखान्यातून परत आली होती आणि उंबऱ्यातच बसली होती. हटायला तयार नव्हती. अंगणात भावकीतले पुरुष. बाहेर जीपभोवती निम्मी गल्ली. सून विशी ओलांडलेली, पदर कपाळापर्यंत.

“घरात पाणी कोण भरतं?”

“मीच.”

“सोमवारी त्या ड्रमातलं पाणी तू प्यालीस?”

“नाय.”

“का?”

तिने आधी सासूकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “अडचण होती, साहेब.”

“कसली अडचण?”

सासू उंबऱ्यातून म्हणाली, “बघा, कशी दातखीळ बसली. पाप बोलू देत नाय.”

पुन्हा विचारलं, तरी ती बोलली नाही. हवालदारांनी लिहिलं: ‘घरात अडचण असल्याने मी ड्रममधील पाणी प्याले नाही.’ वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

परतीच्या वाटेवर हवालदार खुशीत होते. “साहेब, अडचण म्हणजे पैशाची, नायतर जमिनीची. रान सासऱ्याच्या नावावर आहे. हेतू आपणहून चालत आला.”

मागच्या सीटवरून महिला शिपाई म्हणाली, “हवालदार मामा, तुमच्या घरी बायका आहेत ना?”

“आहेत की. बायको आहे, दोन सुना आहेत. का?”

“मग त्यांना कधी अडचण येत नाही वाटतं? अहो, पाळी आली होती तिला. बाजूला बसली होती ती. अंगणभर गडी बसवून, सासू समोर ठेवून विचारल्यावर याच्याहून स्पष्ट काय सांगणार होती?”

चालकाने मोकळ्या रस्त्यावर उगीच हॉर्न वाजवला. मी जीप वळवायला सांगितली.

या वेळी शेजारणीच्या घरात फक्त त्या दोघी बसल्या, आम्ही बाहेर. महिला शिपायाने पुरवणी जबाब घेतला. त्या घरात पाळीच्या दिवसांत सुनेने पाण्याला शिवायचं नाही, गोठ्यालगतच्या पडवीत वेगळं बसायचं, असा कडक नियम होता. शनिवारपासून ती तिथं होती. शेजारणीने तर आम्हालाच झापलं.

“म्या वरून ओतायचे तिच्या तांब्यात. हापशाचं पाणी, म्या आणलेलं. ती ड्रमाजवळ फिरकली असती तर तिच्या सासूनं गल्ली डोक्यावर घेतली असती. अन् तुम्ही म्हणता तिनं कालवलं! शिवायची चोरी तिला, कालवती कशी?”

“मग रविवारी नळ आला तेव्हा पाणी कुणी भरलं?”

उत्तर सुनेने दिलं, तेही दोनदा विचारल्यावर. “ह्येंनी. ड्रम बी ह्येंनीच आणला, शनिवारी. पाणी भरलं अन् लगीच शेंद्र्याला गेले.”

ज्या नियमामुळे तिला माणसांतून उठवलं होतं, त्याच नियमामुळे ती वाचली होती. आणि हे घरात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. मी सासूला विचारलं, “सून बाजूला बसलीय, हे तुम्हाला ठाऊक होतं. आम्हाला सांगितलं का नाही?”

“बायकांच्या गोष्टी गड्यांपुढं कशा बोलायच्या, साहेब?”

सुनेच्या पापाबद्दल गड्यांपुढे बोलताना हा संकोच आड आला नव्हता.

दरम्यान फोनच्या नंबराची माहिती आली. सिम शेंद्र्याला राहणाऱ्या एका कामगाराच्या नावावर होतं. आमच्या बाजारगावातल्या सुनेचं सासऱ्याशी जमत नाही, हे त्याला कोण सांगणार? त्याने सरळ सांगितलं: खोलीतल्या मित्राने, म्हणजे म्हाताऱ्याच्या मुलाने, दवाखान्याबाहेर फोन मागून घेतला होता.

मुलाला दहावा झाल्यावर बोलावलं. मुंडण केलेलं डोकं, हातात टोपी. चौकशीची माझी रीत साधी आहे. आरडाओरडा करायचा नाही. जे आपल्याला आधीच माहीत आहे त्यापासून सुरुवात करायची, म्हणजे समोरच्याला आपण कुठवर पोचलोय याचा अंदाज लागत नाही. मी त्याच्यापुढे मित्राचा नंबर ठेवला. आकडे वाचून तो रडायला लागला. रडू दिलं.

“ड्रम कुठून आणला?”

“भंगारवाल्याकडून. म्हणला सोड्यानं धुवून घे, सगळेच नेतेत.”

“आत काय होतं?”

“फवाऱ्याचं औषध असंल. वास होता थोडा.”

“वर काही लिहिलेलं?”

“कवटीचं चित्र होतं. म्या खरवडून काढलं.”

“का?”

“आबानं घरात ठिवू दिला नसता.”

“ड्रमाचं आहे हे कधी कळलं तुला?”

“आबाला उलट्या लागल्या तवाच. आईचा फोन आला. म्या म्हणलो, ते पाणी शेळ्यांना दावू नको.”

हवालदारांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

“दवाखान्यात डॉक्टरांनी तुला विचारलं होतं, घरात कुठलं औषध होतं का, पोटात काय गेलं असेल?”

“व्हय.”

“काय सांगितलंस?”

“नाय म्हणलो. केस होईल म्हणून.”

“आणि बायकोचं नाव?”

त्याने डोळे पुसले. “पोलीस कुणाला तरी धरणारच होते, साहेब. बाईला जामीन लवकर मिळतो म्हणतेत.”

माझ्यासमोर खुनी बसले आहेत, दरोडेखोर बसले आहेत. इतक्या व्यवहारी आवाजात कुणी बोलल्याचं आठवत नाही. हा मुलगा काही राक्षस नव्हता. आईबापाला पाण्याची ओढाताण नको म्हणून त्याने ड्रम आणला होता, हेही खरं. भीती वाटली तेव्हा त्याने शेळ्या वाचवल्या, स्वतःला वाचवलं, आणि सगळ्यात कमी किमतीचं जे माणूस घरात होतं ते पुढे ढकललं.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा नोंदवला. मुलगा आणि भंगारवाला दोघे आरोपी. प्रयोगशाळेचा अहवाल पुष्कळ उशिरा आला. ड्रमाच्या झाकणातल्या आट्यांत आणि व्हिसेऱ्यात तेच कीटकनाशक. दोघे जामिनावर सुटले. भंगारवाल्याने जागा बदलून दुसऱ्या रस्त्यावर दुकान थाटलं. खटला अजून चालू आहे.

गावात रिक्षा फिरवून दवंडी दिली: कंपनीतून आलेले ड्रम पाण्याला वापरू नका, ग्रामपंचायतीत आणून द्या. एका बाईने मला भर रस्त्यात अडवलं. “देते की ड्रम. पण आठ दिवसांचं पाणी कशात भरू? तुमच्या टोपीत?” थोडे ड्रम जमा झाले. बाकीचे लोकांनी रंग मारून वापरात ठेवले.

या प्रकरणाने शिकवलं ते थोडक्यात सांगतो. घरात ड्रम आणाल तर आधी त्यात काय होतं ते विचारा. विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर तो ड्रम धुवूनही पाण्याचा होत नाही. लेबल खरवडलेलं दिसलं तर ते कुणीतरी मुद्दाम खरवडलं आहे, असंच धरा. माणूस अत्यवस्थ असेल तर डॉक्टरपुढे लपवू नका. केस नंतर लढता येते. आणि तरुण पोलिसांसाठी: बाई एखादा शब्द उच्चारून गप्प बसली, तर त्या शब्दाचा अर्थ आपल्या सोयीने लावू नका. तिला विचारा, आणि जिथे ती सांगू शकेल अशा ठिकाणी विचारा.

एवढं शिकलो, पण त्याचा सुनेला उपयोग झाला नाही. नवऱ्याला ‘आत घातल्याबद्दल’ सासरच्यांनी तिला दारात उभं केलं नाही. ती माहेरी, देवगाव रंगारीला गेली. तिथं भाऊ चांगला आहे. भावजयही वाईट नाही, चहा देते, जेवायला वाढते. पण माठ तिला भरू देत नाही. पाहुणा आला की पाण्याचा तांब्या दुसरं कुणीतरी घेऊन येतं. तिच्या हातचं पाणी त्या घरात कुणी पीत नाही.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी ती भावाबरोबर ठाण्यात आली. म्हणाली, “साहेब, माझ्यावर आळ नाय असा कागद द्या.”

मी समजावून सांगितलं. दोषारोपपत्रात ती साक्षीदार आहे, आरोपी कधीच नव्हती. ज्याचं नाव आरोपी म्हणून लागलंच नाही, त्याला निर्दोष ठरवणारा कागद देण्याची तरतूद नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलली.

“कागदावर नाव नव्हतं, साहेब. पर तुमची जीप माझ्या दारात उभी होती, ती सगळ्या गावानं बघितली. आता एकदा चौकात येऊन सांगा. लई नको. एकदाच.”

मी हो म्हणालो. सरपंचांना ग्रामसभेत विषय घ्यायला सांगितला. ते म्हणाले, पुढच्या सभेत. मग निवडणूक आली, मग मी निवृत्त झालो. परवा पुन्हा फोन केला. “साहेब, तो विषय आता लोक विसरलेत,” ते म्हणाले. “कशाला उकरता?”

लोक घटना विसरले असतील, तांब्या कुणाच्या हातून घ्यायचा नाही हे विसरलेले नाहीत. सभा होवो न होवो, बाजाराच्या दिवशी एसटीने जायचं, चौकात उभं राहायचं आणि सांगायचं, एवढंच काम आहे. त्याला हुद्दा लागत नाही की जीप. ते अजून झालेलं नाही.