बुढा म्हणते, मी थांबतो

बायांनो, मले अक्षर येत नाही. मी बोलून राहिली अन शेजारची सून लिहून राहिली.

आज सकाळी पुण्याहून आलेल्या माझ्या पोरानं मोबाईलात मले नीस दाखवलं. फ्रान्समधलं समुद्राकाठचं शहर. निळं पाणी, रंगीत छत्र्या अन त्याखाली उघड्या अंगानं पडलेले लोक. मी म्हटलं, "काहून रे, यायच्या घरी खाटा नाहीत का?" माझी सून लय हासली. पुढच्या महिन्यात दोघं तिथं फिराले जाऊन राहिले, तिकिटंही झाली.

मग पोरगा हळूच म्हणाला, "माय, मधातच बाबाचं काही झालं, तर बर्फाची पेटी आणून ठेवजो. अग्नी मीच येऊन देईन."

आमचा बुढा दिवाळीपासून खाटेवर आहे. डॉक्टरनं हात टेकले. मी म्हटलं, "बापू, त्यानं खोकल्याच्या भेवानं जिंदगीत कधी बर्फाचा गोळा खाल्ला नाही. अन तू त्याले बर्फात निजवशील?"

यावेळी कोणी हासलं नाही.

दुपारी बुढ्याले पेज पाजाले गेली. त्याची खाट भिंतीपलीकडंच, त्यानं सगळं आयकलं होतं. दोन चमचे घेतले अन म्हणाला, "पोराले विचार, वापस कधी येते. मी थांबतो तवपर्यंत."

मी वाटी खाली ठेवली अन पदरानं त्याचं तोंड पुसलं.

हे पोराले तोंडावर सांगाची माझी हिंमत झाली नाही. तो फेसबुक रोज वाचते, म्हणून इथं लिहून घेतलं. सांगा बायांनो, बरोबर केलं का मी?