चित्राला पाच, पोरांना शून्य

चौथीच्या वर्गात बाईंनी प्रश्न टाकला, "ओलं लाकूड एवढा धूर का करतं?" आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पोरं गप्प. कुणी पेन्सिलीचं टोक बघतंय, कुणी छत. मागच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबून बसलेल्या तपासणी साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि फॉर्मवर काहीतरी खरडलं.

फॉर्म बाईंना तोंडपाठ होता. शिक्षकांची व्यावसायिक मानकं, एकूण दहा. आज पास झाल्या तर नोकरी कायम, नाहीतर तीन वर्षं पाण्यात. पण बाई आदिवासी, पोरंही त्यांच्याच वस्तीची, आणि त्यांच्यात विचारल्याबरोबर उत्तर फेकणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. प्रश्न घरी न्यायचा, करून बघायचं, जाणत्याला विचारायचं, मग दुसऱ्या दिवशी तोंड उघडायचं. बाई अशाच शिकल्या, अशाच शिकवत होत्या.

हेडमास्तरांनी आदल्या दिवशीच कानात सांगितलं होतं, "अहो बाई, उत्तरं घोकून घ्या पोरांकडून. हात वर, टाळ्या, सुटलात. एका तासाचं नाटक, जन्माची काळजी मिटली."

"म्हणजे पोरांना मी खोटेपणा शिकवू?"

"खोटेपणा कसला, पाठांतर म्हणा."

बाईंनी ते केलं नाही. तास संपला. साहेब तसे गोड बोलणारे. म्हणाले, "पोरं फार बुजरी हो तुमची."

"बुजरी नाहीत, साहेब. विचार करतायत. उद्या दहाला या, थांबवता येणार नाहीत."

"उद्या मला दुसरी शाळा आहे."

फॉर्म सहीला पुढे आला. मानक चार, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद: शून्य. बाई ओठ आवळून खाली वाचत गेल्या. मानक सात, स्थानिक संस्कृतीचा आदर: पाचपैकी पाच. शेरा, 'भिंतीवरील चित्र सुंदर.'

ते चित्र खात्यानेच पाठवलेल्या पेंटरचं. डोक्याला पिसं खोवून नाचणारी माणसं. बाईंच्या सात पिढ्यांत कुणी पीस खोवलं नव्हतं. त्या पिसांना पाच, आणि डोकं चालवणाऱ्या पोरांना भोपळा. बाईंचे कान तापले.

"सही नंतर करते," म्हणून त्यांनी फॉर्म पिशवीत घातला.

घरी आई तांदूळ निवडत होती. जन्मभर सुईणपण केलेली बाई. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला तर तीन बाळंतपणं नुसती बघायला लावली होती. हात लावू दिला नव्हता. मी पण बुजरीच म्हणायची. तू सही केलीस?"

"नाही."

"मग जेवून घे."

दुसऱ्या दिवशी दहाला वर्ग नुसता उसळला. एकाने एक ओली, एक सुकी अशा दोन ढलप्या दुकानातल्या काट्यावर तोलून आणल्या होत्या. एकजण काकाच्या वीटभट्टीवर धूर बघत बसून आला होता. सगळ्यांत अबोल पोरगी उठली. "आधी टोकाला पाणी फसफसतं, बाई. आगीचा जीव ते पाणी वाळवण्यातच जातो. लाकूड धड पेटत नाही, नुसतं धुमसतं."

बाईंच्या मनात आलं, आपल्या लोकांतही मानक होतंच की. पोराला चारचौघांत तोंडघशी पाडायचं नाही, त्याला वेळ द्यायचा. ते कुणी छापलं नव्हतं, एवढंच.

शाळा सुटल्यावर बाई थेट साहेबांच्या कार्यालयात.

"झाली सही?" साहेबांनी हात पुढे केला.

"एक प्रश्न आहे. चित्राला पाच आणि पोरांना शून्य, असं का?"

"त्याचं असं आहे बघा, बाई..."

"आत्ता नको." बाईंचा आवाज चढला नाही, पण शेजारच्या कारकुनाने टाइप करणं थांबवलं. "घरी न्या. जाणत्या माणसाला विचारा. जमलं तर वर्गात येऊन बघा. मी उद्या दहाला येते."

सकाळी हेडमास्तरांच्या टेबलावर बाईंच्या रजेचा अर्ज होता. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'उत्तर आणायला जाते. आज नाही मिळालं तर उद्याही.'