निघंन नाहीतर फुटंन

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दिग्रसच्या एका अंगणात, ऐन दुपारी, तीन मोठी माणसे एका बोल्टापुढे गुडघे टेकून बसली होती. पूजा नव्हती.

बोल्ट माझ्या मोटरसायकलच्या गिअरबॉक्सच्या बुडाचा. तो काढला की जुने ऑइल बाहेर येते. बरेच दिवस आतून, झोपेत कुणी दात खावेत तसा आवाज येत होता, म्हणून ऑइल बदलायला मी स्वतःच पाना लावला. पाना फिरला, बोल्ट नाही. पुन्हा फिरला. बोल्टाचे सगळे कोपरे झिजले आणि तो पेढ्यासारखा गोल झाला.

गाडी साधी नव्हे. हिच्यावरूनच मी राळेगावला मुलगी पाहायला गेलो होतो. मुलीने आधी गाडी पसंत केली, मग नाइलाजाने मला. ही गाडी आता बनत नाही. गिअरबॉक्सचे केसिंग, म्हणजे बाहेरचे ॲल्युमिनियमचे कवच, यवतमाळपासून अमरावतीपर्यंत भंगारातही मिळत नाही. ते फुटले की गाडी संपली.

मेकॅनिक आला तो उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधून. नातेवाइकांकडे वळण्याआधी डॉक्टर जसा पेशंटकडे जरा जास्तच वेळ पाहतो, तसा तो बोल्टाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, निघंन नाहीतर फुटंन. तिसरं काई होत नाही."

मग छन्नी धरणार कोण? माझे साडू बाह्या सरसावून पुढे झाले. साताऱ्याकडचे, आमच्या मुलखात पहिल्यांदाच आलेले, दंड मुसळासारखे. बायकोने मला डोळ्यांनी 'नको' म्हटले. पण पाहुण्याला नको कसे म्हणायचे?

बकरी निजवावी तशी गाडी बारदान्यावर आडवी केली. मेकॅनिकने समजावले: आधी बोल्टाच्या कडेवर सरळ घाव घालून खाच पाडायची, मग छन्नी तिरपी धरून हलके हलके ठोकायचे, की बोल्ट फिरतो. साडूंनी मान डोलावली.

खाच पडली. वारा थांबलेला. शेजाऱ्यांचे कुत्रे उठून निघून गेले. मला ते आवडले नाही.

आमचा मेकॅनिक एरवी वऱ्हाडी बोलतो, पण जीव टांगणीला लागला की हिंदीत शिरतो आणि पाहुणा-बिहुणाही विसरतो. आम्हाला त्याचे काही वाटत नाही, आमचेही तसेच. खाच पाहून तो कुजबुजला, "हां, अब खोल."

घाव पडला. छन्नी सरळच.

"खोल, खोल."

आणखी मोठा घाव. मेकॅनिकचा आवाज चढत गेला, तसा हातोडाही. मी हँडल घट्ट धरून डोळे मिटले.

'टक्' असा बारीकसा आवाज झाला. ऑइलचा एक काळा थेंब आला. निघाला वाटते, म्हणत बायको घमेले सरकवायला वाकली आणि तशीच राहिली. थेंब बोल्टातून आलाच नव्हता. शेजारी केसिंगवर केसाएवढी रेघ उमटली होती आणि हळूहळू काळी होत चालली होती.

मेकॅनिकने डाव्या हाताने कपाळ धरले. "खोल बोला था," तो पुटपुटला. "खोल."

साडूंनी घाम पुसला, हातोडा पुन्हा उचलला आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो, अजून किती खोल मारू?"